काजवालीचा उजवा हात

मी हात बोलतोय. नुसता हात. मनगटाच्या वर चार बोटं जागा गेली की मी संपतो. तिथे दंड नाही, खांदा नाही, माणूस नाही; एक लाकडी ठोकळा आहे आणि त्यावर पितळेची पाटी. हाताने बोलू नये हे मला कळतं. पण ज्यांना तोंड होतं त्यांनी एकवीस वर्षं माझ्याबद्दल चुकीचं सांगितलं, म्हणून शेवटी मलाच बोलावं लागतंय.

मी प्लास्टरचा आहे. इस्पितळातल्या सांध्यांच्या विभागात, मुलांना शिकवायच्या खोलीत, काचेच्या कपाटात मधल्या फळीवर माझी जागा आहे. वरच्या फळीवर एक पाठीचा कणा आहे, सगळे मणके एकमेकांत जुळून ताठ झालेला. खालच्या फळीवर दोन गुडघे. ही मंडळी कारखान्यात तयार झाली. त्यांच्या मागे कुणी माणूस नाही, त्यामुळे ती निवांत आहेत. मला मात्र एका जिवंत बाईच्या हातावरून घेतलंय. तिच्या तळहाताच्या रेषा माझ्यात आहेत, अंगठ्यावरचा सुईचा जुना व्रण आहे, आणि त्या दुपारी तिला जेवढं दुखत होतं तेवढं सगळं आहे. तिचं दुखणं पुढे वाढलं, मध्येच थोडं ओसरलं, आणि शेवटी तिच्याबरोबर गेलं. माझ्यातलं तिथेच थांबून राहिलंय.

सकाळी खोली उघडायच्या आधी मला आखडल्यासारखं होतं. प्लास्टरला काय आखडायचंय, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःची अशीच समजूत घालतो.

तिला सगळे काजवाली म्हणत. शिंप्याच्या दुकानात ती कोटांची काजं हाताने करायची. कापडाला नेमकी चीर द्यायची आणि तिच्या कडेने दोऱ्याचे टाके असे दाटीने घालायचे की बटण हजार वेळा आत-बाहेर झालं तरी कड उसवू नये. सगळं काम बोटांच्या शेंड्यांचं. आणि तिच्या बोटांचे नेमके शेंडेच सुजायला लागले. उजव्या हाताची तर्जनी, मधलं आणि करंगळी. मधलं बोट तर मुळापासून नखापर्यंत एकसारखं फुगलेलं. डाव्या हाताला मात्र अंगठा सोडून काही नाही.

हे मला कसं ठाऊक? साचा घेताना ती बोलत होती म्हणून. हात हलवायचा नव्हता, तेव्हा तिने तोंड चालू ठेवलं.

त्या विभागाचे मुख्य म्हणजे मोठे डॉक्टर. नावाजलेले, शिस्तीचे, आणि खरं सांगायचं तर मनाने चांगले. त्यांनी तिला आमवात ठरवला होता. आपल्या शरीरात एक राखणदार असतो, बाहेरून येणाऱ्या रोगांवर भुंकणारा. कधीकधी त्याचं डोकं फिरतं आणि तो घरच्याच माणसांना चावत सुटतो. सांध्यांना चावला की ते सुजतात. पण चावण्याच्या त्याच्या तऱ्हा अनेक आहेत, आणि प्रत्येकीचं नाव वेगळं आहे. आमवात त्यातला एक. मोठ्या डॉक्टरांचा तिच्या हातावर जीव जडला, कारण हा आमवात पुस्तकाबाहेरचा होता.

"बाई, असा हात मला पुन्हा मिळायचा नाही," ते तिला म्हणाले. "मुलांना शिकवायला साचा करून ठेवू या."

"हात बरा होणार असेल तर साचा कशाला घेताय?" तिने विचारलं.

मोठे डॉक्टर हसले आणि साचेवाल्याला बोलवायला निघून गेले. तिचा प्रश्न त्या खोलीत तसाच राहिला. मी त्याच्यानंतर दीड तासाने जन्मलो.

साचेवाला दातांच्या विभागात कवळ्यांचं काम करायचा. हाडाचा कारागीर. त्याने तिच्या हाताला तेल चोळलं आणि म्हणाला, "ताई, बाही जरा वर घ्या."

"एवढी पुरे की."

"कोपरापर्यंत घ्या, भिजेल."

"भिजू दे," ती म्हणाली, आणि बाही मनगटाच्या वर गेलीच नाही.

कोपरावर तिला चट्टे होते. लाल, वर पांढऱ्या खपल्या. शिंप्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईच्या अंगावरून कापडावर खपल्या पडतात हे गिऱ्हाइकाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तिला सुई धरू दिली नसती. म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्या. चट्ट्यांसाठी ती मंगळवारी समोरच्या इमारतीत कातडीच्या विभागात जायची आणि सांध्यांसाठी गुरुवारी इकडे. दोन विभाग, दोन केसपेपर. ती समजत होती की डॉक्टर लोक आपापसात बोलत असतील. डॉक्टर समजत होते की काही असेल तर बाई सांगेल.

मग तिने हात त्या गुलाबी, थंड, लगद्यासारख्या मिश्रणात बुडवला. "सात मिनिटं हलायचं नाही," साचेवाला म्हणाला. "दिवसभर एका जागी बसून काजं करते मी, सात मिनिटांचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली. पण चौथ्या मिनिटाला तिचं मधलं बोट ठणकायला लागलं. तिने डोळे मिटले, ओठ दाबून धरले आणि हललीच नाही. मी त्या चौथ्या मिनिटानंतरचा हात आहे. मला नीट बघणाऱ्याला ते माझ्या करंगळीच्या ताणातून कळतं.

दुसऱ्या दिवशी साचेवाल्याने साचा फोडून मला बाहेर काढलं. उजेडात धरलं, फुंकर मारली आणि तो चुकचुकला. माझ्या तीन नखांवर बारीक बारीक खळगे होते. शिंपी बोटात घालतात त्या अंगुस्तानावर असतात ना, तसे.

"बुडबुडे राहिले," तो स्वतःशीच म्हणाला.

बुडबुडे नव्हते ते. ती तिची खरी नखं होती. मोठ्या डॉक्टरांनी ती पाहिली होती आणि 'सुईकाम करता ना, नखं खराब होणारच' म्हणून सोडून दिली होती. पण साचेवाल्याने तेल चोळताना तिच्या नखांकडे लक्षच दिलं नव्हतं. आणि प्लास्टरच्या कामात खळगा दिसला की तो हवेचा बुडबुडा, आणि बुडबुडा ठेवला की कामाची लाज. त्याने वस्त्रगाळ प्लास्टर कालवलं, उंदराच्या मिशीएवढा कुंचला घेतला आणि एकेक खळगा बुजवला. वाळल्यावर बारीक कागदाने घासलं. अर्धा दिवस त्याने माझ्या तीन नखांवर घालवला. इतकं मन लावून कुणाचं खरं पुसलेलं मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

"नखं कशी आरशासारखी झालीत," मोठे डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

मग पाटी लागली. 'आमवात. उजवा हात. स्त्री, वय ३६.' नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तशी माझी गत.

पुढे दर वर्षी तीस मुलं यायची. मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं जायचं. काही मुलं माझ्याशी हात मिळवून हसायची, काही माझ्या बोटांत पेन अडकवायची. मग मोठे डॉक्टर येत आणि सगळे गप्प होत. "पुस्तक सांगतं, आमवात नखाजवळच्या सांध्याला सहसा शिवत नाही," ते म्हणत. "आता हा बघा. नखाजवळचाच सांधा. पुस्तकावर आंधळा विश्वास ठेवू नका." मुलं वह्यांत लिहून घ्यायची. पुस्तक बरोबर होतं आणि मी खोटा होतो, पण मी टेबलावर होतो, हाताला लागत होतो. पुस्तकाचं कोण ऐकणार?

दर वेळी ते चुकीचं नाव उच्चारलं गेलं की माझ्या आत काहीतरी हलायचं. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं. मी पोकळ नाही, मध्ये तार आहे आणि भरीव प्लास्टर आहे, मला माहीत आहे. तरी हलायचं. माझी खात्री आहे की ती काजवाली होती.

खोली झाडायला येणाऱ्या मावशींनाही ते जाणवत असावं. त्या माझ्याकडे कधी पाठ करत नसत. कपाट पुसायचं झालं की आधी माझ्यावर फडकं टाकायच्या आणि मग काचेला हात लावायच्या. "हा हात बोलावतो," त्या दुसऱ्या एका बाईला म्हणाल्या होत्या. "सगळे हात जा म्हणतात, हा ये म्हणतो."

गुरुवारी दवाखाना शेजारच्या खोलीत भरायचा आणि मधलं दार उघडं असायचं. बघून बघून मीही शिकलो. माणूस दारातून आत येतो त्यावरून निम्मं कळतं. आमवाताची बाई दार तळहाताने ढकलते, मूठ वळत नाही म्हणून. तिची दोन्ही मनगटं, दोन्ही हातांच्या बोटांची मुळं जोडीने सुजलेली असतात, जुळ्या बहिणींसारखी. मणक्याच्या दुखण्याचा तरुण पोरगा येतो, त्याला खुर्ची दिली तरी बसत नाही. बसलं की कंबर धरते, चाललं की सुटते, आणि घरचे म्हणत असतात की आळशी आहे, सकाळी उठत नाही. ल्युपस नावाच्या दुखण्याची मुलगी उन्हातून आलेली असते, गालांवर लाली, बोटं वाकडी. पण डॉक्टरांनी हलकेच सरळ केली की होतात सरळ, कारण तिथे हाड सहसा खाल्लेलं नसतं. आणि एक चौथं असतं, ते जोडी पाळत नाही. इकडचं एक बोट, तिकडचा एक अंगठा, एक टाच. अख्खं बोटच्या बोट फुगवतं. नखाजवळ जाऊन बसतं. आणि त्याच्या आगेमागे कातडीवर कुठेतरी चट्टा असतो, बहुतेक वेळा झाकलेला. सोरायसिसचा सांधेदाह.

ते मी होतो. मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. हात असून हात चोळता येत नाहीत, ही माझी अवस्था.

साचा घेतल्यावर सहा वर्षांनी काजवाली एकदा या खोलीत आली. मावशी दार उघडं टाकून पाणी आणायला गेल्या होत्या. ती कपाटासमोर उभी राहिली. गुरुवारच्या गर्दीतही मी तिला कधी ओळखलं नव्हतं, आताही आधी ओळखलं नाही. चेहरा गोल फुगलेला होता आणि उजवा हात ओढणीखाली. पांढऱ्या गोळ्यांवर होती ती इतकी वर्षं. गोळी घेतली की सूज बसायची, चेहरा सुजायचा; गोळी कमी केली की डोक्यापासून पायापर्यंत अंग चट्ट्यांनी उसळायचं. मंगळवारचे डॉक्टर मलम द्यायचे, गुरुवारचे डॉक्टर गोळी वाढवायचे. तिने ओढणीखालचा हात बाहेर काढून काचेला लावला. दोन बोटं टोकाशी आकसून आखूड झाली होती. सुई त्या हातात राहणं शक्य नव्हतं.

"तुझं बरं आहे," ती मला म्हणाली. "तू तिथेच थांबलास."

त्यानंतर ती दिसली नाही. पुढे कधीतरी ती वारली. लोक म्हणतात, अशा वेळी काहीतरी जाणवतं, काच तडकते, कुत्रं रडतं. खोटं कशाला बोलू, मला काहीही जाणवलं नाही. तो कुठला तरी दिवस होता आणि मी मुलांच्या समोर टेबलावर आमवात म्हणून उभा असेन. या गोष्टीने मला जेवढं छळलंय तेवढं दुसऱ्या कशाने नाही.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी त्यांचीच एक विद्यार्थिनी डॉक्टरीण म्हणून आली. मला ती आठवत होती. शिकत असताना वर्गात एकटीने विचारलं होतं, "सर, डाव्या हातालाही असंच होतं का?" सर म्हणाले होते, "पुढेमागे झालंच असतं." तिने मान हलवली होती आणि लिहून घेतलं होतं.

गेल्या वर्षी एका गुरुवारी तिच्यासमोर एक तिशीची बाई येऊन बसली. केस कापायच्या दुकानात काम करणारी. उजव्या हाताचं मधलं बोट फुगलेलं.

"कात्रीच्या कडीत बोट जात नाही मॅडम," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. आता डाव्याने कापायला शिकतेय. परवा एकीचा कान थोडक्यात वाचला."

"टाच वगैरे दुखते?"

"दुखणारच. दहा तास उभी असते."

"घरात कुणाला सांध्यांचा त्रास?"

"आईला होता. तिचा हात तुमच्याकडेच आहे."

डॉक्टरणीला आधी कळलंच नाही. मग ती तिला मधल्या दारातून माझ्यासमोर घेऊन आली. लेक माझ्याकडे बघत राहिली. रडेल असं मला वाटलं, पण ती हसली.

"लहानपणी मी हट्ट केला की आई म्हणायची, हा हात दुखतोय म्हणून वाचलीस, इस्पितळातला माझा दुसरा हात येईल ना, तो ठणठणीत आहे, तोच धपाटा घालेल. मी रात्री दाराकडे तोंड करून झोपायचे. येतो की काय म्हणून."

मग तिने विचारलं, "मॅडम, मलाही हेच होणार का?"

हाच खरा प्रश्न होता. ती त्यासाठीच आली होती. बोटं गेली की काम गेलं, आणि काम गेलेल्या बाईचं पुढे काय होतं ते तिने घरात पाहिलं होतं.

डॉक्टरणीने तिचे कागद पुन्हा चाळले. "हे बघा, घाबरू नका. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणत तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुमच्या आईला आमवात होता. पाटीच आहे. तुमच्या रक्तात आमवाताच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्यात. दोन्ही हात सारखे सुजलेले नाहीत. आईचं दुखणं तुम्हाला नाही. कात्रीच्या ताणाने बोट सुजलंय आणि उभं राहून टाच. काम कमी करा, गोळी लिहून देते, परत यायची गरज नाही."

लेकीने डोळे मिटून श्वास सोडला. किती हलकी झाली ती. तिने डॉक्टरणीचे आभार मानले आणि जाताना कानामागे खाजवलं.

मी तिथे होतो. मला साक्षीला बोलावलं आणि माझ्या तोंडून खोटी साक्ष काढली. तिच्या आईचा हात पुढे करून तिलाच घरी पाठवलं. त्या दिवसापासून माझ्या आतली ती कूस बदलेना. ती उठून बसली होती.

तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी कपाटावरून गेलेला पाण्याचा पाइप झिरपला आणि माझ्यावर तांबडं पाणी ओघळलं. मावशींनी नाइलाजाने मला बाहेर काढलं. फडकं टाकलं, मग काढलं. "बाई गं, बघू नकोस माझ्याकडे, नुसती धुतेय," असं पुटपुटत त्यांनी सोडा आणि जुना दात घासायचा ब्रश घेतला. तांबडे डाग नखांवर जास्त होते. त्यांनी जोर लावला. कोरड्या प्लास्टरवर वरून भरलेलं बारीक प्लास्टर कधीच अंगात मुरत नाही. इतकी वर्षं ते नुसतं बसून होतं. ते कणाकणाने निघालं.

काय सांगू? वर्षानुवर्षं कुणीतरी डोळ्यांवर पट्टी बांधावी आणि ती सोडावी. मला तीन नखं परत मिळाली.

मावशी घाबरल्या. मला फडक्यात गुंडाळून थेट डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवलं. "मॅडम, मी नुसता घासला हो. नखांना भोकं पडली."

"बघू," म्हणत तिने हातातला चहा बाजूला ठेवला.

आधी तिने नुसतं पाहिलं. मग भिंग आणलं. मग टाचणीने एका खळग्यातली पांढरी पूड उकरून बोटावर घेतली. अंगठ्याचं आणि अनामिकेचं नख तपासलं. ती गुळगुळीत होती. ज्या तीन बोटांचे शेंड्याचे सांधे सुजलेले, त्याच तीन नखांवर खळगे. बुडबुडे काही बोटं बघून येत नाहीत.

"मावशी, तुम्ही भोकं पाडली नाहीत," ती सावकाश म्हणाली. "कुणीतरी बुजवली होती."

ती उठून समोरच्या इमारतीत गेली. चाळीस पावलांचं अंतर. परत आली तेव्हा तिच्या हातात कातडीच्या विभागाच्या जुन्या नोंदी होत्या. नऊ वर्षं, जवळजवळ दर महिन्याचा एक मंगळवार, काजवालीचं नाव. पुढे एकच शब्द, सोरायसिस. डॉक्टरीण खुर्चीत बसली आणि तिने माझी करंगळी धरली. 

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "डावा हात. मी विचारलं होतं आणि सोडून दिलं."

लेकीच्या केसपेपरवर पत्ता अर्धाच होता. व्यवसाय: केस कापणे. पुढचं मला लेकीकडूनच कळलं, तिने मावशींना सांगितलं तेव्हा. डॉक्टरणीने दोन दिवस शहरातली केस कापायची दुकानं पालथी घातली. अकराव्या दुकानात लेक सापडली.

"मला वाटलं, केस कापायला आल्या," लेक सांगत होती. "खुर्चीत बसवलं, कापड बांधलं, तर म्हणतात, मला तुमच्या कानामागे बघायचंय. म्हटलं, मॅडम, इथे लोकांच्या कानामागे मी बघते."

कानामागे चट्टा होता. केसांच्या कडेला आत दुसरा. दिवसभर लोकांच्या डोक्यातला कोंडा बघणाऱ्या बाईने स्वतःच्या चट्ट्यालाही चिवट कोंडाच समजून दोन वर्षं वेगवेगळी तेलं चोळली होती. नखावर दोन खळगे होते, त्यावर रंग. टाचही नुसती उभं राहून दुखत नव्हती, ते त्याच रोगाचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती इथे आली. डॉक्टरणीने तिला माझ्यासमोर बसवलं आणि आडवळण न घेता सांगितलं, "मी चुकले. तुमच्या आईला आमवात नव्हता. तिला जे होतं तेच तुम्हाला आहे. याचं रक्त बहुतेक वेळा स्वच्छच येतं, म्हणून फसायला होतं."

 लेकीने विचारलं, "म्हणजे आईला चुकीचं औषध दिलं?"

"सूज दाबायचं औषध दिलं. रोगाला धरणारं दिलं नाही. आणि ती गोळी कमीजास्त केल्याने तिची कातडी दर वेळी उसळत राहिली."

"ती म्हणायची, माझ्या अंगात दोन वेगळी भुतं आहेत, आणि दोघांना एकमेकांची ओळख नाही."

"एकच होतं," डॉक्टरीण म्हणाली.

लेक तेव्हा रडली. मोठ्याने नाही. डॉक्टरीण तिच्या शेजारी बसून राहिली, समजूत घातली नाही. समजूत घालण्यासारखं काही नव्हतंच.

औषध सुरू झालं. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या, ठरलेल्या दिवशी रक्ताची तपासणी, आणि पुढे इंजेक्शन. पाटी बदलली. डॉक्टरणीने मोठ्या डॉक्टरांना फोन केला.  ते एवढंच म्हणाले, "माझ्या मुलांना कळवायला हवं."

कसं कळवणार? वर्षाला तीस, एकवीस वर्षं. सहाशे तीस जण. कुणी कुठल्या गावात, कुणी कुठल्या देशात, आपापल्या खोलीत बसलेत, आणि त्यांच्यासमोर सुजलेली बोटं घेऊन कुणीतरी बसलंय. त्यांच्या डोक्यात मी आहे, गुळगुळीत नखांचा. डॉक्टरणीने जितके पत्ते मिळाले तितकी पत्रं पाठवली. दोनशेच्या आत उत्तरं आली. उरलेल्यांकडे मी अजून जातो. मावशी म्हणतात ते खरं असावं, मी बोलावत असतो.

त्या उरलेल्यांपैकी तुम्ही कुणी असाल, तर ऐका. पाटी वाचायच्या आधी माणूस बघा. बाही वर करायला सांगा, आणि ती 'एवढी पुरे' म्हणाली तर का पुरे ते विचारा. नखांवरचा रंग काढायला सांगा. कानामागे बघा, टाचेवर बोट ठेवा. समोरच्या इमारतीत चाळीस पावलं चालत जा.

आठ महिन्यांनी लेक आली ती हात हलवत आली. सूज गेली होती. मधल्या बोटाचा एक सांधा थोडा वाकडा राहिलाय, तो तसाच राहणार, दीड वर्षाची ती किंमत. पण मूठ वळत होती. डॉक्टरीण तिचा हात उलटसुलट करून बघत राहिली, आणि मग चाचरत म्हणाली, "मी साचा घेतला तर चालेल? वेळेवर धरलं तर हात असा राहतो, हे मुलांना दाखवता येईल. आईच्या शेजारी ठेवू."

लेक माझ्याकडे वळली. तिने काच सरकवली आणि माझी बोटं आपल्या ऊबदार हातात घेतली. कुणी माझ्याशी थट्टेने हात मिळवतं, कुणी मला धुतं, कुणी मला दाखवतं. असं धरलं नव्हतं कुणी.

"नको मॅडम," ती म्हणाली. "तीन वाजता दुकानात माझं गिऱ्हाईक आहे."

ती गेली. माझ्या शेजारची जागा मावशींनी झाडून ठेवलीय, फडकं मारून. एकवीस वर्षं मी एकटा आहे आणि कधीतरी सोबतीला दुसरा हात यावा असं मला फार वाटायचं. आता कुणीही आणू नका. ती जागा तशीच राहू दे.